सोनेरी शिक्का

तापाने फणफणलेल्या बबडीला मांडीवर घट्ट धरून ती नव्या डॉक्टरांसमोर बसली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला घेतलं आणि तिची नजर भिंतीवरच्या पदवीकडे गेली. ‘मान्यताप्राप्त विद्यापीठ’ लिहिलेले सोनेरी शिक्के पदव्यांवर चिकटवायचं काम ती घरी बसून करायची. विद्यापीठ आणि त्याला मान्यता देणारी परिषद एकाच टेबलावर चालतात, पदव्या टपालाने जातात, हेही तिला ठाऊक होतं. दात येत असताना बबडीने चावलेला एक शिक्का पाहून काम देणारे साहेब म्हणाले होते, “लावून टाका वहिनी, कोण निरखून बघतंय!” समोरच्या चौकटीतल्या शिक्क्यावर दोन इवल्या दातांच्या खुणा होत्या. “घाबरताय कशाला? रीतसर शिकलोय,” डॉक्टर हसले. थांबवावं, तर हे आपल्याला कसं कळलं तेही सांगावं लागणार. तिने बबडीचे हात घट्ट धरले. बबडी किंचाळली. सुई काढत डॉक्टर म्हणाले, “झालं, संपलं!”