लेकाचं सोंग

घाटातल्या वळणावर रोजच्यासारखी निळी गाडी थांबली, तशी येसूबाईंनी पदराने तिच्या मागच्या काचेवरची धूळ पुसली. ‘येसूचा लेक’ ही अक्षरं उजळली. चिनूने ती आपल्या गाडीवर हौसेने रंगवून घेतली होती. याच वळणावर एका भरधाव ट्रकने ती गाडी चिरडली, आणि चिनूही गेला.

हवालदार गुरव खाली उतरले. “मावशी, आमच्या या रूप बदलणाऱ्या गाडीचं हे रूप आजच्यापुरतंच. भरधाव गाड्या पकडायला मेलेल्यांच्या गाड्यांसारखं दिसून पोलिसांनी दबा धरू नये, असा लोकांनी ओरडा केलाय. आता आमच्या सगळ्या गाड्या पांढऱ्याच राहणार.”

येसूबाई हसल्या. “आमचे मालक बहुरूपी. पोलिसाचं सोंग घेऊन दारोदार हिंडायचे. आणि आता पोलीस माझ्या लेकाचं सोंग घेऊन हिंडतात!”

हात मात्र काचेवरच राहिला. “पण सोंग उतरेपर्यंत मालक त्याच्याच आवाजात बोलायचे हो. तुमचं अजून उतरलं नाही. एकदा ‘येतो, आई’ म्हणा.”

गुरव टोपी काढून गाडीत बसले आणि त्यांनी काच खाली केली.

“येतो, आई.”

“सावकाश जा रे.”

खालच्या वळणावर निळा ठिपका दिसला. त्याच्या पुढच्या वळणावर तो पांढरा झाला होता.