जावेची वही

माझ्या तंबूंमध्ये राहून गेलेले पाहुणे वहीत लिहितात, "समुद्र छान. डास फार, अंथरुणात वाळू." कुंपणापलीकडे धाकट्या जावेचे तंबू. किनारा तोच, डासही तेच. तिची वही मात्र म्हणे कौतुकाने भरलेली. वर्षभर मी त्या वहीवर जळते आहे.

आज ती मासे आणायला गेली, तशी मी तिच्या पडवीत जाऊन वही उघडली. "वहिनींची सोलकढी विसरणार नाही." "माहेरी आल्यासारखं वाटलं." नावं साताऱ्याची, नगरची, ठाण्याची. अक्षर सगळीकडे तिचंच. गौरीच्या सामानाची यादी दरवर्षी तीच लिहिते, मी ओळखणार नाही?

हसावं म्हटलं, पण हसू येईना. झाकलेल्या पातेल्यातली वाटीभर सोलकढी प्यायले आणि तिच्या वहीत पहिला खरा अभिप्राय लिहिला: "सोलकढी माझ्यापेक्षा बरी करते मेली."