माइल्ड

बोरीवलीतल्या एका सोसायटीत एकाच मजल्यावर एकाच महिन्यात दोघांना हार्ट अटॅक आला. समोरच्या दत्तारामना मोठा. वसुधाच्या नवऱ्याला, म्हणजे अण्णांना, माइल्ड.

दत्तारामना स्टेंट टाकले आणि अख्खी सोसायटी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपू लागली. अण्णा मात्र आठवड्याभरात पुन्हा गिरणीतून दळण आणायला लागले. धाप लागून ते टेकले, की वसुधा फणकारायची, "एवढा मोठा येऊनही दत्ताराम भावजी रोज फिरायला जातात. तुमचा तर माइल्ड होता. उगाच नाटकं नकोत!"

एका सकाळी दळणाच्या डब्यासकट अण्णा जिन्यात कोसळले, ते उठलेच नाहीत.

तिरडी उचलताना दत्ताराम खांदा द्यायला पुढे झाले.



वसुधा रडता रडता थांबली. "भावजी, तुम्ही नको. तुमचा मोठा होता ना!"