डेल्फियामावशीचे चौकोन

गोधडीचा तो चौकोन चांगला असता तर नेड्राने तो उसवला नसता. पण पट्ट्या कडेला जेमतेम धरल्या होत्या आणि टीप मधेच कापड सोडून, खाली आधाराला घेतलेल्या आणि नंतर फाडून काढायच्या नुसत्या कागदावरून धावली होती. एका धुण्यात हे सगळं उघडं पडलं असतं. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या चिंध्या सुट्या केल्या, तशाच क्रमाने पुन्हा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानावर लावल्या आणि शिवून काढल्या. डेल्फियामावशीचे सगळेच चौकोन ती असे गुपचूप दुरुस्त करत होती.

वसंतात खाडीला पूर आला आणि कॉम्ब्सांचं घर अंथरुणा-पांघरुणासकट वाहून गेलं. थंडीच्या आत ते नव्या घरात जाणार होते. चर्चच्या बायकांनी त्यांच्यासाठी गोधडी करायला घेतली. प्रत्येकीने घरातल्या चिंध्यांचे चौकोन शिवून आणायचे, नेड्राने ते जोडायचे, असं ठरलं.

डेल्फियामावशीला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या साऱ्या खोऱ्यात तिच्यासारखी टीप कुणाची नव्हती, पण हिवाळ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, उजवा हात गेला तो गेलाच. तरी ती काठी टेकत आली आणि म्हणाली, माझ्या वाट्याचे चौकोन मीच करणार. कापड उजव्या कोपराखाली दाबून ती डाव्या हाताने मशीनखाली सारायची. बायकांना बघवत नसे. तिला नको कसं म्हणायचं, हेही कुणाला कळत नसे. म्हणून हे दुरुस्तीचं काम नेड्राने आपणहून अंगावर घेतलं होतं.

जोडणीच्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर सगळे चौकोन मांडले होते. बाकीच्या बायका वर कॉफी करायला गेल्या होत्या. डेल्फियामावशी टेबलाच्या कडेने हळूहळू चालत एकेका चौकोनावरून डावा हात फिरवत होती. एकाशी ती थांबली.

"हा माझा नाही."

"तुमचाच आहे, मावशी. हे बघा ना, तुमच्या पिवळ्या पडद्याचं कापड."

"कापड माझं, बाई. टीप तुझी."

नेड्राचा चेहरा उतरला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं, असं काहीतरी ती पुटपुटली. मावशी रागावली नाही. खुर्ची ओढून बसली आणि नेड्रालाही बस म्हणाली.

"तू लग्न होऊन इथे आलीस, तेव्हाचे तुझे चौकोन आठवतात?"

नेड्राला चांगले आठवत होते. पहिल्याच गोधडीपासून तिचं कौतुक झालं होतं. आपल्या हातात उपजत कसब आहे, हे ती तेव्हापासून धरून चालली होती. लेकीसुनांनाही तिने तेच सांगितलं होतं.

"ते सगळे मी घरी नेऊन उसवायचे," मावशी म्हणाली. "तुझ्या सासूलाही पत्ता नव्हता."

वरून कपबशांचा आवाज येत होता. नेड्रा हळूच म्हणाली, "मग आता माझी पाळी, असं समजा."

"तसं समजू नकोस. तेव्हा चुकलंच माझं. तुझं वाकडं तुला कधी दिसू दिलं नाही, म्हणून तुझा हात बसायला इतका उशीर लागला. तुझ्याकडे वर्षं होती, पोरी. निभावलं. माझ्याकडे तेवढी नाहीत." तिने तो चौकोन नेड्रासमोर सरकवला. "जो टिकणार नाही तो गोधडीत घालू नकोस, मला परत दे. डाव्या हाताने शिकतेय मी."

जोडणी पुढे ढकलली गेली. त्यानंतर दर मंगळवारी डेल्फियामावशी चौकोन आणी. नेड्रा शिवण दोन्ही बाजूंनी ओढून बघे आणि सगळ्यांच्या देखत तो परत करी. सुरुवातीला बायका नेड्रावर चिडल्या. एवढं काळीज कसं गं तुझं दगडाचं, असंही एक जण म्हणाली. मावशी मात्र चौकोन पिशवीत टाकून, कॉफी पिऊन, घरी जाई.

पहिली थंडी पडली तेव्हा गोधडी कॉम्ब्सांच्या घरी गेली. तिच्यात डेल्फियामावशीचा एकच चौकोन होता. तो कुणी उसवला नव्हता.