पावाची टोपली

पिनुच्चाचा एप्रन. दारामागच्या खिळ्याला, नोव्हेंबरात ती वारली तेव्हापासून तसाच.

जमिनीखालची ट्रफल अळंबी वासाने हुडकणारी कुत्री, लोला. ऐन भरात असताना पिनुच्चाच्या नवऱ्याने, सेकोंदोने, ती शेजारच्या चेन्सोला फुकट देऊन टाकली. का, ते कुणाला सांगितलं नाही.

गॅसची शेगडी गेली, विजेची आली. पिनुच्चाचा हट्ट.

भिंतीवरची पितळी पाटी. ‘सेकोंदो, आपल्या टेकड्यांचं नाक.’ गावाने दिलेली, २०१४ साली.

पावाची टोपली. एखाद्या वर्षी डावीकडे, एखाद्या वर्षी उजवीकडे.

आणि आता ईस्टरनंतरचा गुरुवार, सकाळचे अकरा, स्वयंपाकघरातलं लांब टेबल. सेकोंदोपुढे दोन पेले. त्याने डावा उचलला, फिरवला, नाक आत घातलं. टेबलाभोवती शेजारच्या मळ्यांचे चौघे मालक, त्यांच्यापुढेही तसेच दोन-दोन पेले. निकाल होईपर्यंत वाइनबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही या घरची रीत.

दोन्ही पेल्यांत वाइन एकाच मळ्याची, कोस्ता मेर्लाची. घरामागचा तो उतार. हिवाळा सरताना बर्फ सगळ्यांत आधी तिथलं वितळतं. वाइन मात्र दोन मोठ्या पिंपांत वेगवेगळी मुरलेली; डाव्या पेल्यात डाव्या पिंपातली, उजव्यात उजव्या. सेकोंदो ज्या पिंपावर बोट ठेवेल, ते कोस्ता मेर्लाचं नाव लावून बाटल्यांत जायचं. दुसरं ठोकात विकायचं, बिननावाचं.

मुलगी मारिलेना शेगडीपाशी पाव कापत उभी होती. पहाटे ती तळघरात जाऊन आली होती. डाव्या पिंपाला ओल्या गोणपाटाचा वास होता. लाकूड कुठेतरी आतून कुजलेलं. ही वाइन कोस्ता मेर्लाच्या नावाने बाहेर पडली, तर चार पिढ्यांचं नाव पहिल्याच बाटलीत धुळीला मिळणार.

ती सांगायलाही गेली होती. “पापा, पिंपाबद्दल जरा...”

“तुझ्या त्या शाळेत नाकं वाटतात का गं?” सेकोंदो म्हणाला होता आणि टोपी घालून अंगणात निघून गेला होता. आल्बाच्या वाइनशाळेत चार वर्षं शिकलेलं सगळं तिने निमूटपणे गिळलं होतं.

सेकोंदोने डावा पेला ठेवला. उजवा उचलला. पुन्हा डावा.

चेन्सोने आपला डावा पेला एका बोटाने हळूच दूर सारला आणि तो मिशीत हसला. “काय रे सेकोंदो, पेल्यात डोळा लागला की काय?”

“तुझ्या बायकोसारखी घाई नाही मला,” सेकोंदो म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही.

मारिलेनाच्या तेव्हा लक्षात आलं. बापाची नजर पेल्यांवर नव्हतीच. ती शेगडीकडे होती. तिच्या हातांकडे.

“पाव कुठाय?” त्याने विचारलं.

तिने टोपली आणली आणि दोन पेल्यांच्या बरोबर मधे ठेवली. सेकोंदो टोपलीकडे बघत राहिला. एवढा वेळ की चेन्सोनेही हसू आवरलं.

“पिनुच्चा मधे ठेवत नसे.”

“मधेच जागा आहे, पापा.”

“ती मधे ठेवत नसे,” तो पुन्हा म्हणाला. या वेळी अगदी हळू. त्याचा हात डाव्या पेल्याकडे गेला.

आई. दरवर्षी या दिवशी ती पहाटे बादली घेऊन तळघरात उतरायची. पिंपं पुसायला, असं म्हणायची. अकराला पाव घेऊन यायची, टोपली ठेवायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. तिला कधी कुणी विचारलं नाही. तिच्यापुढे पेला कधी ठेवला नाही. आणि टोपली टेबलावर येण्याआधी पापांनी निकाल दिलाय, असं एकदाही झालं नव्हतं.

एकदाही नाही.

मारिलेनाच्या जिभेवर सगळं तयार होतं. ओलं गोणपाट. नाव पापांचं, नाक आईचं. शाळेचा तो टोमणाही परत करता आला असता, चौघांच्या देखत, व्याजासकट. एक वाक्य पुरलं असतं. मग तिच्यापुढेही पेला आला असता, खुर्ची आली असती.

सेकोंदोने डावा पेला उचलला. तोंड उघडलं. मान खाली होती. चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला वाकावं तशी.

मारिलेनाने टोपली सरकवली. वीतभर. उजवीकडे.

पेला हवेतच थांबला. मग हळूच खाली आला.

“उजवी,” सेकोंदो म्हणाला.

टेबलाभोवती सगळ्यांचे श्वास सुटले. चेन्सोने उजवा पेला एका दमात रिकामा केला आणि टेबलावर थाप मारली. “नाक ते नाक! पण यंदा फार वेळ लावलास बुवा. म्हातारा झालास.”

“पाव उशिरा आला,” सेकोंदो म्हणाला. मुलीकडे त्याने बघितलं नाही.

मग पाव मोडला गेला, डुकराच्या मांसाची सलामी कापली गेली, गारपिटीच्या गोष्टी निघाल्या. मारिलेना भिंतीला टेकून उभी होती. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

अंगणातल्या चेरीच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून सेकोंदो डोक्यावर पडला तो जून २००९ मध्ये. त्या दिवसापासून त्याला कसलाही वास आलेला नाही.