गावोगाव गाजलेलं लग्न

“कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण तुझ्या लग्नाची डिस्क गावोगाव गाजतेय!” कपाटाला पाठ लावून मी लेकीला सांगू लागलो. घटस्फोट घेऊन ती सकाळीच माहेरी आली होती आणि ती डिस्क तिला स्वतःच्या हातांनी मोडायची होती. “अगं, पोस्टाने भाड्याचे सिनेमे यायचे ना आपल्याकडे? बघून झाले की त्याच पाकिटातून परत पाठवायचे. एकदा त्या पाकिटात मी चुकून तुझं लग्नच घातलं! कंपनीनेही न बघता ते पुढच्या गिऱ्हाइकाला धाडलं. एका दंतवैद्याने तर कळवलंय, नवरदेव अगदीच ठोकळा, पण नवरीचा बाप काय काम करतो! आता लोक दुसरा भाग मागताहेत.” लेक खुदकन हसली, मग तिने माझ्या पाठीमागच्या कपाटाकडे पाहिलं. “बाबा, ती कंपनी माझ्या लग्नाआधीच बंद पडली होती. आई त्यात शेवटची नाचलीय, म्हणून लपवलीत ना?”