सडकेकडचं भात

"अवो, पाव्हणे मागच्या बांधावरून येतायत!"

बायकोची, येसूबाईची हाक आली आणि सडकेच्या कडेला उभा असलेला धर्माजी धोतर सावरत गर्रकन वळला. पाहुणे सफाळ्याला उतरून बैलगाडीने माकुणसारला येणार, म्हणजे सडकेनेच येणार. तिला आणि साऱ्या आळीला त्याने तसंच सांगून ठेवलं होतं. मागची बाजू कुणी बघावी, असा त्याचा बेत मुळीच नव्हता.

मागच्या बाजूला, खाडीकडे, भात तांबडं पडलं होतं. तायचुंग नावाचं नवं बियाणं त्याने मोठ्या हौसेने आणलं, आणि लावणीला थोडे दिवस झाले नाहीत तोच पानांवर गंज चढल्यासारखे डाग पडले. रोपं जागच्या जागी खुंटली. धर्माजीने शेणखत ओतलं. सातपाटीहून मासळीचं खत आणून टाकलं. त्या वासाने गावातली यच्चयावत मांजरं शेतावर मुक्कामाला आली, भात मात्र बोटभर वर सरकलं नाही. शेवटी पालघरहून ग्रामसेवक आला. त्याने एक पान उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, "जस्त कमी पडतंय."

"जस्त? म्हंजे आता शेतात बादल्या पुरायच्या काय?"

ग्रामसेवक हसला. जस्त जमिनीत असतं, पण पाणी साचून राहिलं की मुळांना ते मिळत नाही, असं त्याने समजावलं. भाताला लागतं ते चिमूटभरच, पण त्या चिमटीवाचून सगळं अडतं. जस्ताचं औषध त्याच्याकडे अर्ध्या शेतापुरतंच होतं, बाकीचं मागाहून यायचं होतं. "चुन्याच्या निवळीत कालवून फवारा," तो म्हणाला, "आणि खाडीकडून सुरुवात करा. तिकडे पाणी जास्त साचतं, तिकडचं पीक जास्त वाईट आहे."

धर्माजीने शहाण्यासारखी मान डोलावली आणि सडकेकडून सुरुवात केली.

"बाबा, भात मरतंय तिकडं आन तुमी औषध मारताय हिकडं!" त्याची लेक दमयंती म्हणाली.

"तुजंच लगीन जमवतोय!" धर्माजी तिच्यावरच उखडला.

त्यात खोटं काही नव्हतं. उमरोळीच्या नामदेवच्या मुलाशी तिचं जमत आलं होतं. मुलगा तिच्या मनात भरला होता. तिने तोंडाने सांगितलं नव्हतं, पण उमरोळीचं नाव निघालं की हातातलं काम तिच्या हातातच राहायचं. आता राहिली होती ती शेवटची बोलणी, आणि त्यासाठी नामदेव जातीने येणार होता. नामदेव म्हणजे उमरोळीतला नावाजलेला शेतकरी. धर्माजी मध्यंतरी सडकेवर गाडीत बसूनच त्याचं शेत बघून आला आणि पुढे कितीतरी दिवस घरात त्याच्या हिरव्यागार भाताचीच कथा लावून बसला. अशा माणसाला आपलं तांबडं शेत दाखवायचं म्हणजे आपल्या हाताने नाक कापून द्यायचं.

औषधाने गुण दिला. सडकेकडचं भात असं काही हिरवं झालं की जाणारे-येणारे थांबून बघू लागले. आणि आज हा भला माणूस नेमका मागून आला!

धर्माजी बांधावरून धावतपळत पोचला तेव्हा नामदेव तांबड्या भातात वाकून उभा होता. त्याने एक रोप उपटलं, मुळं बोटांनी चाचपली. मग तो पुढे चालू लागला आणि शेताच्या मध्यावर थबकला. तिथे सरळ रेघ होती. अलीकडे तांबडं, पलीकडे हिरवं. नामदेवने या बाजूचं पान पाहिलं, त्या बाजूचं पाहिलं.

"वा, धर्माजी!" तो म्हणाला. "लोक पाव्हण्यांपासून खराब बाजू लपवतात. तुमी अर्धं मुद्दाम तसंच ठेवलंत, बगणाऱ्याला औषधाचा फरक कळावा म्हणून. अशी सरळ मानसं आता कुटं मिळतात?"

देवाने धर्माजीच्या पुढ्यात आयतं ताट वाढून ठेवलं होतं. नुसतं हसून मान हलवायची, की झालं काम. पण त्याची नजर पडवीकडे गेली. खांबाआड दमयंती उभी होती. तिचा सारा जीव डोळ्यांत आला होता. हिच्या संसाराची सुरुवात आपण खोट्याने करून द्यायची? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"नाय, पाव्हणे," तो म्हणाला. "तुमी सडकेनं येनार म्हणून मी सडकेची बाजू हिरवी केली. औषध तेवढंच होतं. मागचं तुमच्या नजरेला पडूच नये, असं मनात होतं. आता तुमाला काय वाटायचं ते वाटू दे."

पडवीत येसूबाईने पदर तोंडाला लावला. नामदेवने हातातलं रोप खाली टाकलं. मग तो असा खदखदून हसला की खाचरातले बगळे उडाले.

"विहीणबाई, साखर आना!" तो पडवीकडे तोंड करून ओरडला.

पडवीतली दमयंती घरात पळाली. धर्माजीच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्याने उपरण्याने टिपलं. पण एक गोष्ट काही त्याच्या मनातून जाईना.

"पन पाव्हणे, चांगली सडक सोडून तुमी चिखलातनं मागून आलात कसे?"

"धर्माजी," नामदेव डोळे पुसत म्हणाला, "तुमी उमरोळीला आलात तेवा मी तुमाला सडकेवर गाडीतनं खाली उतरू दिलं होतं काय?"